रंगीत तालमीत थांबायचं का नाही?

प्रश्न : सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी आम्ही एकांकिका बसवतोय. दिग्दर्शक म्हणतात, आदल्या दिवशी रंगीत तालीम, आणि कितीही चुकलं तरी थांबायचं नाही. कपडे आणि मेकअप सोडला तर आमचं सगळं पक्कं झालंय. मग हा हट्ट कशासाठी? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : दिग्दर्शकांचं ऐका. रंगीत तालीम म्हणजे तिकीटबारी बंद ठेवून केलेला प्रयोगच. रंगभूषा, वेशभूषा, नेपथ्य, प्रकाश, संगीत, सगळं खरं. तिसरी घंटा झाली की पडदा उघडायचा तो शेवटपर्यंत. काही मंडळी हिलाच ग्रँड रिहर्सल म्हणतात.

तुमचं पक्कं झालं असेल, पण विंगेतल्यांचं काय? इतके दिवस तुमचा ब्लॅकआउट म्हणजे कुणीतरी तोंडानं ‘ब्लॅकआउट’ म्हणणं. आता खऱ्या अंधारात एकीला नऊवारी सोडून गाऊन चढवायचाय, दोघांना पलंग आत ओढायचाय, आणि तेवढ्यात संगीताचा तुकडा संपतो. तो कमी पडतोय हे तालमीच्या खोलीत कळत नाही. धोतर नेसून लेव्हलवर, म्हणजे रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यावर, चढताना सोगा पायात येतो. घाम आला की चिकटवलेली मिशी एका बाजूनं सुटते.

सुटू द्या. समोरच्या नटानं त्या वेळी वाक्य कसं रेटायचं, पाठ कशी वळवायची, हे त्याच क्षणी सुचायला हवं. थांबलात की ती संधी गेली. दिग्दर्शकानंही शेवटच्या रांगेत बसून फक्त टिपणं काढावीत, मधे ओरडू नये.

थांबत थांबत करायची ती तांत्रिक तालीम, प्रकाश-संगीत जुळवून घेण्याची. ती आधी वेगळी घ्याच. हौशी संस्था दोन्ही एकत्र उरकतात याचं मला फार वाईट वाटतं. एका स्पॉटलाइटची जागा ठरवण्यात संध्याकाळ जाते आणि शेवटचे प्रवेश प्रयोगाच्या कपड्यांत एकदाही होत नाहीत.

रंगमंच आदल्या दिवशी मिळणार नसेल तर हॉलमध्ये खडूनं त्याची मापं आखा, पण साड्या, चपला, चष्मे प्रयोगातलेच घाला. पलंगाच्या जागेवर रेडियमची पट्टी लावा. आणि तालीम दुपारीच सुरू करा, म्हणजे उसवलेलं शिवायला आणि संगीताचा तुकडा वाढवायला रात्र हाताशी राहील.