मेळ्यात ‘लहान मुलाने काढल्यासारखी’ चित्रं हजारो रुपयांना विकली जातात. त्यात चांगलं कोणतं, ते कसं ओळखायचं?

आधी चुका मोजणं थांबवा. हरणाचे पाय आखूड आहेत, झाड माणसापेक्षा बुटकं आहे, हे दिसतंच. बघायचं ते हे की चित्रकाराने स्वतःचा म्हणून जो नियम घातलाय, तो कागदभर पाळलाय का. पॅरिसच्या जकात नाक्यावर नोकरी करणाऱ्या, स्वतःच चित्रकला शिकलेल्या आंरी रूसोच्या जंगलाच्या चित्रात मागचं पानही पुढच्याइतकंच रेखीव असतं. दूरचं म्हणून धूसर, हा प्रकारच नाही. तो त्याचा नियम.

आपल्याकडच्या मेळ्यात बहुधा गोंड चित्रं भेटतील. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम 1980च्या दशकात भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आले आणि भिंतीवरचं चित्र कागदावर उतरलं. त्यांच्यामागे परधानांची, म्हणजे गोंडांच्या पिढीजात गायकांची, गाण्या-गोष्टींची परंपरा होती, त्यामुळे त्यांना एकट्याने शिकलेल्या रूसोच्या पंगतीत सरसकट बसवू नका.

आता प्रत्यक्ष बघणं. आठ-दहा फुटांवरून आकार एका नजरेत कळतो का? मग हातभर अंतरावर या. आत भरलेले ठिपके, खवले, बारीक रेघा बघा, पण प्राण्याच्या पोटाच्या मधोमध नको. तिथे सगळ्यांचंच जमतं. जांघेचं वळण, शिंगाचं टोक, कागदाचा कोपरा बघा. सरावलेल्या हाताच्या ओळी वळणाबरोबर वळतात. नक्कल करणाऱ्याच्या ओळी तिथे एकमेकींवर आदळतात, ठिपके घाईने लांबट होतात. ट्रेस केलेली बाह्यरेषाही मध्येमध्ये थांबते, थरथरते. ‘हे तर माझा मुलगाही काढेल’ म्हणणाऱ्याने मुलाला बसवून बघावं. तिसऱ्या इंचाला तो खेळायला पळतो.

छापील आहे का, ही शंका असेल तर मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा मारा. अ‍ॅक्रिलिक रंगाचे ठिपके बहुधा किंचित उठून दिसतात. दहापट भिंगाखाली छपाईत रंगीत बारीक कण दिसतात, हाताच्या रेषेला सलग कड असते.

घेतल्यावर खरा घोळ फ्रेमवाल्याकडे होतो. काच थेट चित्रावर ठेवली की कूलरच्या दमट हवेत कागद फुगून लाटा येतात आणि अ‍ॅक्रिलिक काचेला चिकटतं. माउंट, म्हणजे काच आणि चित्रामधली पुठ्ठ्याची चौकट, लावून निदान 3-4 मि.मी. फट ठेवायला सांगा. मागे हार्डबोर्ड असेल तर मध्ये आम्लरहित कागद हवा. सेलोटेप आणि फेविकॉल नको. मे महिन्यात तापणारी पश्चिमेची भिंत टाळा. लॅमिनेशन करून देतो म्हणाला तर चित्र उचलून दुसऱ्या दुकानात जा.