आजीच्या हातावरची तुळस

प्रिय माई,

मी २९ वर्षांची, सांगलीकडची, नोकरीसाठी पुण्यात असते. गेल्या वर्षी आजी गेली, आईची आई. तिच्या उजव्या हातावर मनगटाच्या वर तुळशीचं गोंदण होतं. तेच मला माझ्या हातावर हवंय. दहा दिवसांनी, शनिवारी दुपारची वेळ घेतली आहे, आगाऊ पैसेही भरलेत. पण एकदा रक्त तपासायला गेले तेव्हा मी चक्कर येऊन पडले होते. टॅटू काढणाऱ्याला हे सांगायची लाज वाटते. आजीच्या हाताचा फोटो एकच आहे आणि तोही अंधुक. आई तर विषयच काढू देत नाही. म्हणते, “आजीला कुणी विचारून गोंदलं होतं का? किती रडली होती ती! आणि तू पैसे देऊन टोचून घेणार?” काय तयारी करू? तिथे नेमकं काय करतात? आणि आईला कसं समजावू?

– एक नात

पोरी,

आधी तुझ्या आईचं म्हणणं घेते, कारण ते खरं आहे. पूर्वी गोंदणारीण दारात आली किंवा जत्रेत बसलेली दिसली, की घरातल्या बायका पोरींना धरून तिच्यापुढे बसवायच्या. माझ्या हनुवटीवरचा ठिपका तसाच आलाय. मी ७ वर्षांची होते. काकूने माझं डोकं मांडीत दाबून धरलं होतं आणि त्या बाईने दोऱ्याने बांधलेली सुयांची जुडी काजळीत बुडवली. माझ्याआधीच्या पोरीला टोचलेल्या त्याच सुया. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं म्हणत सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

तुला विचारतील. आजीला जे मिळालं नाही ते तुला मिळतंय, तर तोंड उघडून बोल. उद्याच स्टुडिओत फोन कर आणि सांग, की मला सुईने चक्कर येते. अशी माणसं त्यांच्याकडे नेहमीच येतात. तुला खुर्चीवर न बसवता आडवं झोपवतील, मधेमधे थांबतील. हे ऐकून कुणी हसलं किंवा “काही होत नाही हो” म्हणून उडवून लावलं, तर तिथे हात देऊ नकोस. आगाऊ पैसे गेले तरी चालतील.

चक्कर येते तेव्हा नाडी मंदावते, रक्तदाब एकदम उतरतो आणि डोक्याला रक्त कमी पडतं. आधी कानात दडे बसतात, कपाळावर गार घाम येतो, मळमळतं. यातलं काहीही जाणवलं की लगेच “थांबा” म्हण. पाय एकमेकांवर ठेवून मांड्या आणि पोटऱ्या घट्ट आवळ, दहा-पंधरा सेकंद धर, सोड, पुन्हा आवळ. टोचायचा हात मात्र सैलच ठेव. आणखी एक गोष्ट मनाशी धर: रक्त काढायची सुई शिरेत जाते, ही जात नाही. ती कातडीत जेमतेम १ ते २ मिलिमीटर उतरते. वरचा थर सारखा झडत असतो, म्हणून शाई त्याच्या खालच्या थरात सोडतात.

उपाशीपोटी अजिबात जायचं नाही. शनिवार धरत असशील तर त्या दिवशी सोड. दीड-दोन तास आधी पोटभर पोळीभाजी, वरणभात खा, पाणी भरपूर पी. पर्समध्ये राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की असू दे. शुक्रवारी रात्री जागरण नको, दारू घेत असशील तर तीही नको. दुखू नये म्हणून स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नकोस, त्याने रक्त जास्त वाहतं. आणि बधिर करायचं क्रीम स्टुडिओत विचारल्याशिवाय लावू नकोस. त्या हाताला या दिवसांत वॅक्सिंग नको, उन्हाने रापू देऊ नकोस. केस काढायचे असतील तर तेच नव्या ब्लेडने काढतील. जुना, गडद रंगाचा, कोपरापर्यंत सहज सरकणाऱ्या बाह्यांचा कुर्ता घाल, कारण शाईचे डाग जात नाहीत.

आज रात्री आरशात दंडावरचा लहानपणच्या लशीचा वण बघ. तो जाड होऊन आजूबाजूला पसरला असेल, किंवा कान टोचल्यावर तिथे गाठ धरली असेल, तर तुझ्या कातडीचा कल केलॉइडकडे, म्हणजे वण जखमेबाहेर वाढत जाण्याकडे, असू शकतो. मग त्वचारोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मधुमेह, रक्त पातळ करायची गोळी किंवा गरोदरपण असेल तरी आधी डॉक्टर.

आता तिथे काय होतं ते. दोन वर्षांपूर्वी भाचीबरोबर मी अडीच तास शेजारी बसले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. आधी कातडी पुसून जांभळ्या रेघांचा छाप उठवतात. तो वाळायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ही मिनिटं तुझी आहेत. उभी राहा, हात सरळ सोड, आरशात बघ, मग हात वळवून बघ. तुळस तिरकी वाटली तर पुसायला सांग. भाचीने तीनदा पुसायला लावला आणि त्या मुलाच्या कपाळावर आठी उमटली नाही. नाव किंवा अक्षर असतं तर मी तुला ऱ्हस्व-दीर्घही बोट ठेवून वाचायला सांगितलं असतं. पहिली रेघ ओढेपर्यंत तू उठून घरी जाऊ शकतेस.

मग सुईचं पाकीट. ते सीलबंद हवं आणि तुझ्या डोळ्यांसमोर फुटायला हवं. वरची तारीख वाचायला माग. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणात ओततात, उरलेली फेकून देतात. परत बाटलीत ओतताना दिसले तर उठ. हातमोजे नवे हवेत आणि ते घालून फोन उचलला तर बदलायला हवेत. हे सगळं कावीळ ब आणि क (हिपॅटायटिस बी आणि सी), तसंच एचआयव्ही यांची लागण टाळण्यासाठी आहे. माझ्या ठिपक्याच्या वेळी जे कुणाला ठाऊक नव्हतं ते आता ठाऊक आहे. कावीळ ब ची लस घेतली नसशील तर ती सुरू कर, पण तिचे तीन डोस पुरे व्हायला सहा महिने लागतात.

दुखतं. उन्हाने भाजलेल्या जागेवर कुणी नखाने सावकाश रेघ ओढत राहावं, तसं भाचीने वर्णन केलं. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं कठीण, मग अंग सरावतं. तिला टोचण्यापेक्षा मधेमधे कागदाने पुसलेलं जास्त झोंबत होतं. मनगटाच्या अगदी जवळ कातडी पातळ असते, तिथे दात आवळावे लागतील. विश्रांती मागायला संकोच करू नकोस.

घरी आल्यावर आई हळद लावायला येईल, प्रेमानेच येईल, पण हळद नको आणि खोबरेल तेलाचा थापही नको. स्टुडिओत सांगतील त्याप्रमाणे सौम्य साबण, कोमट पाणी, स्वच्छ कागदाने टिपणं आणि मलमाचा पातळ हात. चार-पाच दिवसांनी खपल्या सुटतील, खाज येईल. नख लावलंस तर रेघ तुटेल. दोन-तीन आठवडे पोहणं बंद. लाली दिवसागणिक वाढली, हात गरम लागला, पू किंवा ताप आला, तर स्टुडिओला फोटो पाठवत बसू नकोस, डॉक्टरकडे जा. रक्तदान करत असशील तर आता वर्षभर थांबावं लागेल.

रंगाबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगते. आजीचं गोंदण तुला हिरवट-निळं आठवत असेल. ती काळी काजळीच होती. कातडीच्या आडून काळा रंग निळसर दिसतो आणि वर्षांनी रेघा पसरतात. म्हणून हिरवी शाई मागू नकोस. काळीच घे. पुढे कधी लेझरने काढायची वेळ आली तर काळी त्यातल्या त्यात सहज निघते, हिरवी फार छळते. आणि पानांमध्ये मोकळी जागा ठेवायला सांग. आज केसासारखी बारीक काढलेली नक्षी वीस वर्षांनी एकमेकींत मिसळते.

राहिली आई. परवानगी मागू नकोस, २९ वर्षांची आहेस तू. पण समजावतही बसू नकोस. मला वाटतं, तिचा राग त्या रडणाऱ्या लहान मुलीसाठी आहे, आणि ती मुलगी तिची आई होती. येत्या रविवारी सांगलीला जा. तो अंधुक फोटो बरोबर ने. तुळशीला दोन्ही बाजूंनी पानं किती होती, खाली वृंदावनाची चौकट होती की नुसती आडवी रेघ, बाजूचे ठिपके तीन की पाच, हे टॅटू काढणाऱ्याला लागणारच आहे आणि फोटोत ते दिसत नाही. आईने मात्र त्या हाताने घास खाल्लेत, वेणी घालून घेतली आहे. जेवणं उरकली की तिच्यापुढे कागद-पेन्सिल ठेव आणि म्हण, आई, मला आठवत नाही गं, तू काढून दाखव.

– माई