येतं ते आधी पदरात पाडून घे

'सर, बारावीची बोर्डाची परीक्षा गेल्या आठवड्यात संपली. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) लेखी परीक्षेला आता २७ दिवस राहिलेत. फॉर्म वेळेत भरला होता, पण बोर्डाच्या गडबडीत तयारी अशी झालीच नाही. काल घड्याळ लावून एक जुना पेपर सोडवला. गणितात ९६ प्रश्न सोडवले, त्यात ४४ बरोबर आणि ५२ चूक. जीएटीत (सामान्य क्षमता चाचणीत) १४० सोडवले, ६६ बरोबर आणि ७४ चूक. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. बाबा म्हणतात, वीस दिवसांचा क्रॅश कोर्स लाव. वय १७ वर्षं ३ महिने. हीच एक संधी आहे असं वाटतंय. आता काही होऊ शकतं का?'

पत्राच्या खाली आईने दोन ओळी लिहिल्या आहेत: 'हा रात्री दोन-अडीचपर्यंत जागतो. जेवणाकडे लक्ष नाही. तुमचं ऐकेल.'

प्रिय मित्रा,

होऊ शकतं. तू आकडे इतके नीट लिहून पाठवलेस की मला ते फक्त कागदावर मांडायचे होते. तूही मांडून बघ.

गणिताचा पेपर ३०० गुणांचा. १२० प्रश्न, बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकलं की त्यातला एक तृतीयांश, म्हणजे ०.८३ वजा. तुझे ४४ बरोबर, त्याचे ११०. ५२ चुकांचे ४३.३३ गेले. उरले ६६.६७. जीएटी ६०० गुणांची, १५० प्रश्न, बरोबरला ४ आणि चुकीला १.३३ वजा. तिथे तुला १६५.३३ मिळतात. एकूण २३२.

आता ही परीक्षा घेणाऱ्या यूपीएससीचे आकडे बघ. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत लेखी परीक्षेचा कटऑफ ९०० पैकी २९१ ते ३६० यांच्या दरम्यान राहिला. शिवाय प्रत्येक पेपरात स्वतंत्र किमान गुण लागतात. २०२४ मध्ये ती अट २५ टक्के होती, म्हणजे गणितात ७५. तू दोन्हीकडे मागे आहेस, पण फार मागे नाहीस.

तुझ्या त्या ५२ आणि ७४ चुका आज पुन्हा उघड. प्रत्येकीपुढे एक अक्षर लिही. अजिबात येत नव्हतं आणि ठोकून दिलं, तर 'ठ'. येत होतं पण गडबडीत चिन्ह चुकलं, प्रश्न अर्धवट वाचला, 'यांपैकी कोणते चूक आहे' मधला 'चूक' दिसलाच नाही, तर 'ग'. येतं असं वाटत होतं पण मुळातच कच्चं होतं, तर 'क'. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या पेपरांत 'ग' नेहमीच त्यांना वाटतात त्याहून जास्त निघतात. गणितात असा एक 'ग' सुधारला की वजा झालेले ०.८३ परत येतात आणि वर अडीच मिळतात, एकूण ३.३३. जीएटीत ५.३३. गणितातले फक्त सहा आणि जीएटीतले दहा 'ग' वाचवलेस, तर तुझे २३२ चे ३०५ होतात आणि गणित ८६ च्या वर जातं. २०२४ च्या दुसऱ्या परीक्षेचा कटऑफ ३०५ होता. एकही नवा धडा न शिकता तू तिथे पोचतोस.

अर्थात ३०५ वर थांबायचं नाही, लक्ष्य ३५० ठेव. पण क्रम हाच. जे येतं त्याचे गुण आधी पदरात, नवं शिकणं त्यानंतर.

मित्र सांगतात 'सगळे गोळे काळे करून ये', त्याचाही हिशोब करू. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर चारांत एकदा अडीच मिळतात आणि तीनदा ०.८३ जातात. सरासरी नेमकी शून्य. म्हणजे 'ठ' चा फायदा काहीच नाही आणि वेळ मात्र जातो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, की पारडं किंचित तुझ्याकडे झुकतं. दोन बाद झाले तर जरूर उत्तर दे, जीएटीत अशा प्रश्नामागे सरासरी १.३३ गुण पडतात. नियम एवढाच, निदान एक पर्याय कारणासह बाद करता आला तरच हात लाव.

गणितात १५० मिनिटांत १२० प्रश्न, म्हणजे एकाला ७५ सेकंद. बोर्डाच्या सवयीने पायऱ्या मांडत बसलास तर पेपर अर्धाच होईल. बोर्डाला पायऱ्यांचे गुण असतात, इथे फक्त गोळ्याचे. समजा विचारलंय, टॅन अ आणि कॉट अ यांच्या बेरजेच्या वर्गातून त्यांच्या वजाबाकीचा वर्ग वजा केला तर काय उरेल? तू विस्तार करायला घेशील. त्याऐवजी अ ला ४५ अंश कर. दोन्ही १ होतात, बेरजेचा वर्ग ४, वजाबाकी शून्य, उत्तर ४. दहा सेकंद. पण पर्यायांत '४' आणि '४ साइन २अ' असे दोन्ही असतील, तर ४५ अंशाला दोघांची किंमत ४ च येते आणि तू फसतोस. अशा वेळी ३० अंश घे. १६/३ वजा ४/३, म्हणजे ४. दुसरा पर्याय ३.४६ च्या आसपास येतो आणि गळून पडतो. किंमत घालून बघायची ही रीत रोज वीस प्रश्नांवर वापर, आठवड्यात हात बसतो.

विषय निवडताना कठोर हो. मॅट्रिक्स-डिटरमिनंट, सांख्यिकी, संभाव्यता, व्हेक्टर आणि त्रिकोणमिती, हे तुझं बोर्डासाठी ताजं आहे आणि यातले प्रश्न लवकर सुटतात. इंटिग्रेशनच्या लांबलचक पद्धतींना आता हात लावू नकोस, निश्चित संकलनाचे गुणधर्म तेवढे पाठ ठेव.

जीएटीत इंग्रजी २०० आणि सामान्य ज्ञान ४०० गुणांचं. भौतिक आणि रसायन बोर्डामुळे अर्धं तयार आहे. त्याला नववी-दहावीच्या एनसीईआरटी विज्ञानाची उजळणी जोड, बरेचसे प्रश्न त्याच पातळीवरचे असतात. भूगोलात प्राकृतिक भाग, म्हणजे वातावरणाचे थर, सागरी प्रवाह, खडक. इतिहासात स्वातंत्र्यलढा. प्राचीन-मध्ययुगीन इतिहासाचा ठोकळा घेऊन बसलास तर पंधरा दिवस गिळेल. चालू घडामोडींना रोज अर्धा तास, त्याहून जास्त नाही.

मराठी माध्यमाचा तू उल्लेख केलास, त्यावर थोडं थांबतो, कारण हे फारसं कोणी सांगत नाही. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. आपली मुलं इंग्रजी अडलं की हिंदी मजकूर वाचतात, लिपी तीच म्हणून. तिथे सापळा आहे. आपल्या पुस्तकात आम्ल, आम्लारी आणि क्षार असतात, आणि क्षार म्हणजे सॉल्ट. हिंदीत सॉल्टला 'लवण' म्हणतात आणि 'क्षार' म्हणजे अल्कली. हिंदी प्रश्नात 'क्षार' वाचून तू मराठी अर्थ लावलास, की येत असलेला प्रश्न गेला. म्हणून मुख्य वाचन इंग्रजीतूनच कर. बारावी विज्ञान इंग्रजीतून झालं असेल तर विज्ञानाचे शब्द तुला ठाऊकच आहेत. इतिहास-भूगोलाचे शब्द वहीच्या दोन पानांवर समोरासमोर लिही: अक्षांश-लॅटिट्यूड, भरती-ओहोटी-टाइड, सविनय कायदेभंग-सिव्हिल डिसओबीडियन्स. दोन पानं पुरतील.

चुका ओळखण्याच्या प्रश्नांतही मराठी आड येते. 'डिस्कस अबाउट' आपल्या कानाला खटकत नाही, कारण आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो. 'रिटर्न बॅक' खटकत नाही, कारण आपण 'परत येतो'. जुन्या पेपरांत अशा जागा दिसल्या की त्याच वहीत टिपून ठेव. व्याकरणाचं जाड पुस्तक नको, रोज चाळीस मिनिटं जुन्या पेपरातलं इंग्रजी पुरे.

क्रॅश कोर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आता लावू नकोस. तिथे सगळा अभ्यासक्रम सगळ्यांसाठी पळवतात आणि तुझे 'ग' तुझ्याशिवाय कोणी शोधणार नाही. वर जाण्यायेण्याचा वेळ. यूपीएससीच्या वेबसाइटवर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची फुकट मिळतात. बाबांना सांग, पैसे राखून ठेवा, पुढे मुलाखतीच्या तयारीला लागले तर बघू.

दर तीन दिवसांनी एक पूर्ण पेपर सोडव. सकाळी १० ते १२.३० गणित, दुपारी अडीच तास जीएटी, परीक्षेच्या दिवशी असतं तसंच. मधल्या दोन दिवसांत त्याच पेपरातल्या चुका निस्तर. म्हणजे आठ-नऊ पेपर होतील. ओएमआर पत्रिकेची प्रत छापून घे आणि काळ्या बॉलपेननेच गोळे भर. शेवटी सगळे एकदम भरायला ठेवू नकोस. प्रश्नपत्रिकेचं एक पान झालं की त्या पानाचे गोळे भर, आणि प्रश्न सोडलास की त्याच्या क्रमांकावर बोट ठेवून पुढे जा. एक ओळ सरकली की पुढचे सगळे गोळे चुकतात, हे मी एका हुशार मुलाच्या बाबतीत पाहिलं आहे आणि मला अजून हळहळ वाटते. रोल नंबर आणि बुकलेट सिरीज सगळ्यात आधी.

आणि 'हीच एक संधी' हे मनातून काढ. वयाची अट कोर्स सुरू होताना साडेसोळा ते साडेएकोणीस अशी असते. एप्रिलच्या परीक्षेचा कोर्स पुढच्या जानेवारीत सुरू होतो, सप्टेंबरच्या परीक्षेचा त्यापुढच्या जुलैत. तुझ्या वयाला यंदाचा सप्टेंबर आणि पुढचा एप्रिल, अशा आणखी दोन परीक्षा बसतात. जाहिरातीतल्या जन्मतारखा स्वतः पडताळून घे आणि सप्टेंबरचा फॉर्म निघाला की लगेच भर, या निकालाची वाट बघू नकोस.

ताई, तुमच्या दोन ओळी महत्त्वाच्या आहेत. त्याचा पेपर सकाळी दहाला आहे आणि एका दिवसात पाच तास डोकं ताजं लागणार आहे. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या मुलाचं डोकं सकाळी दहाला झोपेतच असतं, आणि 'ग' तिथूनच येतात. साडेदहाला दिवा बंद करायला सांगा, माझं नाव सांगून. संध्याकाळी अर्धा तास धावू द्या, झोपही लागेल आणि पुढे एसएसबीच्या, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीच्या, ९०० गुणांच्या फेरीला दमही कामी येईल. किती झालं, किती राहिलं, हे मात्र रोज विचारू नका.

मित्रा, पुढचा पेपर झाला की बरोबर, चूक, सोडलेले आणि त्यातले 'ग' किती, एवढे चार आकडे मला कळव.