८०/४०० चा छोटा रिफ्रॅक्टर (८० मिमी व्यासाच्या भिंगाची, ४०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण) नुसतं आकाश न्याहाळायला पुरेल का?

पुरेल, पण २५ मिमीचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लावूनच. ४०० भागिले २५, म्हणजे १६ पट. साध्या ५० अंशी आयपीसमधून सुमारे ३ अंश आकाश दिसतं. कृत्तिका अख्ख्या मावतात, कडेला काळी जागाही उरते, आणि खरी मजा त्या मोकळ्या जागेतच आहे. सोबत बार्लो (मोठेपणा वाढवणारं जोडभिंग) आलाच तर डब्यात राहू द्या. चंद्राच्या कडेला, गुरूभोवती जांभळी झालर दिसेल. तो बिघाड नव्हे. एफ/५ च्या (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट) साध्या दुभिंगी रचनेत जांभळा प्रकाश बाकी रंगांबरोबर एका बिंदूत येत नाही, इतकंच. डोकेदुखी होते ती डगमगत्या ट्रायपॉडची: पाय पूर्ण बाहेर काढू नका, खुर्चीत बसून पाहा. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) दिवसाउजेडीच लांबच्या टॉवरवर जुळवून ठेवा, सूर्याकडे पाठ करून.