मनस्वी म्हणजे हट्टी का?

प्रश्न: स्थळाच्या माहितीत मुलगी ‘मनस्वी’ आहे असं लिहिलंय. आजी म्हणते म्हणजे हट्टी, आई म्हणते कौतुक केलंय. नक्की काय?

उत्तर: दोघींचंही बरोबर आहे. संस्कृतात मनस्वी म्हणजे निश्चयी, स्वाभिमानी, थोर मनाचा, मराठीत मात्र अर्थ सरकत सरकत मनाला येईल तसं वागणारा असाही झाला, आजीच्या डोक्यात तोच असणार. आता एखाद्या कलाकाराला मनस्वी म्हणतात ना तेव्हा स्वतःच्या मनाशी प्रामाणिक, जीव ओतून काम करणारा असं म्हणायचं असतं आणि मला हीच छटा फार जवळची वाटते. लहरी माणसाचं आज एक उद्या दुसरं, मनस्वी माणसाला पटलं की पटलं. शिवाय ‘मनस्वी राग आला’ यात स्वभावाचा संबंधच नाही, तिथे नुसतं अतिशय.