स्पॉटिफायवर नाव बदलायचंय? आधी हे वाचा

नवीन खातं उघडलंत आणि युजरनेमच्या जागी अक्षरं-आकड्यांची अगम्य माळ दिसली, तर घाबरू नका. ते स्पॉटिफायनंच दिलेलं असतं आणि बदलता येत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

लोकांना दिसतं ते डिस्प्ले नेम. ते हवं तेव्हा बदला: मोबाईलवर वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर टॅप करा, प्रोफाइल उघडा, एडिट करा, सेव्ह करा. देवनागरीतही लिहा, छान दिसतं.

पण पूर्ण नाव-आडनाव टाकण्याआधी थांबा. तुमच्या सार्वजनिक प्लेलिस्टखाली हेच नाव झळकतं. लिंक पुढे गेली की अनोळखी माणसंही ते वाचतात. मी स्वतः फक्त पहिलं नाव ठेवते, आणि मुलांच्या खात्यांवर तर टोपणनावच.

केवळ युजरनेमसाठी नवं खातं उघडायचा मोह मात्र आवरा. प्लेलिस्ट, आवडती गाणी, प्रीमियम, सगळं जुन्या खात्यातच राहतं. वर्षानुवर्षं जमवलेली गाणी पुन्हा गोळा करायला फार जिवावर येतं. लॉगिनला तसाही ईमेल चालतो. तो ईमेल चालू आहे ना, तेवढं आजच तपासा.