डब्यावरचा आकडा आणि खाली लागणारी गोळी

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत हजार यार्डांवर रायफल नेमबाजी करतो. गोळ्यांच्या डब्यावर बी.सी., म्हणजे गोळी हवा किती सहज कापते तो आकडा, 0.505 छापलाय. त्यावरून गणित करून नेम धरला तरी गोळी दर वेळी वीतभर खाली लागते. आकडा चुकीचा आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चुकीचा नाही, अपुरा आहे. तो ‘जी-वन’ नावाच्या जुन्या, सपाट बुडाच्या गोळीशी तुलना करून काढलेला. भाच्याची गोळी बुडाशी निमुळती असणार. अशा गोळीचा जी-वन आकडा वेगाबरोबर उतरतो; सेकंदाला 550 मीटरच्या खाली 0.485 धरतात. त्याने जी-सेव्हनचा, म्हणजे निमुळत्या बुडाच्या गोळीशी तुलना करून काढलेला आकडा, साधारण 0.243, घालून बघावं.

मोजणीबद्दल मात्र सविस्तर सांगतो, माझी सगळी नोकरी त्यातच गेली. बी.सी. थेट मोजता येत नाही. जवळचा वेग, लांबचा वेग आणि मधली घट, त्यावरून तो काढायचा. वेगवेगळ्या अंतरांवरून लोलकावर गोळ्या झाडून हवेचा विरोध पहिल्यांदा नीट मोजला तो बेंजामिन रॉबिन्सने. 1742 मध्ये त्याचं पुस्तक आलं. (पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या किल्ल्यात वारला.) अडचण आजही तीच आहे. सेकंदाला 800 मीटरने सुटलेली गोळी 100 मीटरांत जेमतेम साठेक मीटर वेग गमावते. दोन क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारी यंत्रं, एकेक मीटरने उलट्या बाजूंना चुकले, तर साठात दोनाची चूक. बी.सी. तीन टक्क्यांनी हलला.

एकदा दुपारी आमचे सगळे वेग अचानक वाढले. दारू तीच, रायफल तीच. ढग सरकला आणि आकडे पुन्हा जागेवर! प्रकाश बदलला की क्रोनोग्राफच्या पडद्यांना गोळीची सावली थोडी आधी-नंतर दिसते. तेव्हापासून रोज सकाळी दोन्ही यंत्रं एकामागे एक मांडायची, एकच गोळी दोन्हींतून काढायची, फरक वहीत लिहायचा आणि मगच दुसरं यंत्र लांब न्यायचं, हा नेम ठरला.

हवेचा दाबही जागेवरचाच हवा. मोबाइलवर दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो. पुण्यात तो तसाच घातला तर सहा टक्क्यांची चूक होते, हवा आहे त्याहून दाट धरली जाते आणि मोजलेला बी.सी. फुगतो. फुगलेल्या आकड्यावर नेम धरला की गोळी खालीच जाणार.

डॉप्लर रडार गोळीचा वेग वाटभर मोजत जातं, त्याला तोड नाही. ते नसेल तर निशाणापाशी आवाज टिपणारं यंत्र ठेवून उड्डाणाचा वेळ मोजावा. हजार यार्डांना दीड सेकंदाहून जास्त लागतात; मिलिसेकंदाची चूक त्यात बुडून जाते. भाच्याने दहा गोळ्यांचे वेळ, नळीजवळचा वेग आणि मैदानावरचा दाब कळवावा, आकडा मी काढून देतो.